होतकरू खेळाडूची पारख

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, असें म्हणतात. म्हण सोपी आहे. परंतु पाय पाहणाऱ्याला जेथें आपल्या पाहण्याची किंमत रोख मोजावी लागते, तेथें ती इतकी सोपी राहत नाहीं. अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलचे संघ दर वर्षीं जून महिन्यांत अशाच एका परीक्षेस बसतात. एकोणीस-वीसपासून बावीस-तेवीस वर्षांपर्यंतचे तरुण खेळाडू त्यांच्यापुढें असतात, आणि यांतील कोण पांच वर्षांनीं, दहा वर्षांनीं काय होईल, याचा अंदाज त्यांना त्या दिवशीं जाहीर करावा लागतो. २५ जून २००९ रोजीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या अशा एका निवड-सभेंत सहा नांवें पुकारलीं गेलीं, आणि सातवें नांव निघालें तें स्टीफन करी या एकवीस वर्षांच्या गार्डचें. ज्याच्या खेळानें पुढें या खेळाची सारी रीतच पालटली, त्याच्याआधीं सहा जणांना पसंती मिळाली होती. ही चूक कशी झाली, ती सर्वस्वीं चूक होती काय, आणि कॉलेजांतील गार्डची पारख करतांना नेमकें काय पाहावयास हवें, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या निवडीची पद्धत समजून घेतली पाहिजे. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या संस्थेंत तीस संघ आहेत. नव्या खेळाडूंसाठीं त्यांच्यांत बोली लागत नाहीं. ठरलेल्या क्रमानें एकेक संघ एकेक नांव घेतो, व अशा दोन फेऱ्या होतात. गेल्या हंगामांत ज्यांची कामगिरी निकृष्ट झाली त्यांना आधीं निवडण्याचा मान मिळतो. मात्र मुद्दाम हरून पहिला क्रमांक पटकावण्याचा मोह कोणास पडूं नये, म्हणून १९८५ पासून आरंभींचे क्रम सोडतीनें ठरूं लागले. दुबळ्यानें बलवान व्हावें, हा या व्यवस्थेचा हेतु. परंतु दुबळ्या संघाला वर्षाकाठीं अशी मोठी संधि बहुधा एकदांच येते, आणि ती दवडली कीं पुढलीं कित्येक वर्षें रिकाम्या खुर्च्यांपुढें खेळण्यांत जातात. उलट बाजूस त्या तरुणाचीहि स्थिति ध्यानांत घेण्यासारखी आहे. कोणत्या गांवीं राहावयाचें, कोणत्या गुरूच्या हाताखालीं शिकावयाचें, हें ठरविणें त्याच्या हातीं नसतें. ज्या संघानें नांव घेतलें तेथें त्यानें जावयाचें. आणि पहिल्या फेरींत नांव कितवें निघालें, यावरच त्याच्या आरंभींच्या वेतनाचें मान ठरतें. म्हणजे ही परीक्षा दोघांचीहि आहे, आणि तींत नापास झालेल्याला पुन्हां बसण्याची सवलत क्वचितच मिळते.

बास्केटबॉलमध्यें एका बाजूनें पांच गडी खेळतात. उंच गडी जाळ्याच्या आसपास वावरतात. त्यांच्या मानानें ठेंगणे व चपळ असे दोघे मागें राहून खेळाची सूत्रें हालवितात, त्यांना गार्ड म्हणतात. या दोघांतहि कामाची वांटणी असते. एकानें चेंडू आपटीत पुढें न्यावयाचा, प्रतिपक्षाची रचना पारखावयाची आणि योग्य गड्याच्या हातीं योग्य क्षणीं चेंडू द्यावयाचा. हा पॉइंट गार्ड. दुसऱ्यानें मोकळी जागा शोधून दुरून नेम साधावयाचा. हा शूटिंग गार्ड. पहिला थोडा ठेंगणा असला तरी चालतो, दुसरा मात्र साडेसहा फुटांच्या जवळपास असावा, अशी २००९ च्या सुमारास रूढ समजूत होती. उंच गड्याची पारख एका अर्थीं सोपी. कारण उंची फुटपट्टीनें मोजतां येते, आणि कॉलेज सोडल्यावर ती कमी होत नाहीं. गार्डचें भांडवल मात्र हात, पाय, नजर आणि निर्णय यांत सांठविलेलें असतें. हें भांडवल अधिक वेगवान व अधिक बलिष्ठ प्रतिस्पर्ध्यांपुढें किती टिकेल, हा प्रश्न फुटपट्टीनें सुटत नाहीं.

स्टीफन करी हा खेळाडूच्याच घरांत वाढलेला मुलगा. त्याचे वडील डेल करी हे सोळा हंगाम धंदेवाईक बास्केटबॉल खेळले, आणि दुरून अचूक नेम मारणारे म्हणून त्यांची ख्याति होती. मुलगा मात्र अंगानें अगदींच किरकोळ निघाला. चेंडू डोक्यावरून फेंकण्याइतकें बळ त्याच्या खांद्यांत नसल्यामुळें तो तो कंबरेजवळून उचलून फेंकीत असे. अशी फेंक उंच प्रतिस्पर्ध्याला सहज अडवितां येईल, हें वडिलांनीं ओळखलें, आणि शाळेंत असतांनाच एका उन्हाळ्यांत त्याची सारी फेंक मोडून नव्यानें घडविली. तो उन्हाळा त्या मुलाला फार जड गेला. जो नेम अंगवळणीं पडला होता तो गेला, आणि नवा अजून आला नव्हता. तरीहि त्यानें तो अभ्यास सोडला नाहीं.

शाळा संपली तेव्हां मोठ्या विद्यापीठांनीं त्याच्याकडे पाठ फिरविली. वडील ज्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठांतर्फे खेळले होते, त्यानेंहि खेळाडूची शिष्यवृत्ति देऊं केली नाहीं. शेवटीं शार्लट शहराच्या उत्तरेस असलेल्या डेव्हिडसन या दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या लहानशा कॉलेजांत तो गेला. तेथील शिक्षक बॉब मॅकिलॉप यांनीं त्याला ओळखलें होतें. २००६ च्या नोव्हेंबरांत झालेल्या पहिल्याच सामन्यांत या नवख्या गार्डनें तेरा वेळां चेंडू गमावला. दुसऱ्या दिवशीं मिशिगन विद्यापीठाच्या बलाढ्य संघाविरुद्ध त्याला पुन्हां मैदानांत उतरविण्यांत आलें, आणि त्यानें एकट्यानें बत्तीस गुण केले. या दोन दिवसांपैकीं कोणत्या दिवसावरून त्याची पारख करावी, असा प्रश्न त्या वेळीं कोणी विचारला असता तर उत्तर देणें कठीण गेलें असतें.

१९६९ नंतर राष्ट्रीय स्पर्धेंत डेव्हिडसनला एकहि सामना जिंकतां आला नव्हता. २००८ च्या मार्च महिन्यांत तो योग आला. करीनें गोंझागा विद्यापीठाविरुद्ध चाळीस, जॉर्जटाउनविरुद्ध तीस आणि विस्कॉन्सिनविरुद्ध तेहतीस गुण केले, आणि हें चिमुकलें कॉलेज देशांतील शेवटच्या आठ संघांत जाऊन बसलें. त्यापुढें कॅन्ससच्या संघाशीं गांठ पडली. शेवटचे कांहीं क्षण उरले असतांना डेव्हिडसन दोन गुणांनीं मागें होतें व चेंडू करीच्या हातांत होता. दोघे प्रतिस्पर्धी त्याच्यावर धांवून आले, तेव्हां त्यानें चेंडू जेसन रिचर्ड्स या आपल्या सोबत्याकडे दिला. रिचर्ड्सची फेंक चुकली, आणि ५९ विरुद्ध ५७ अशी हार पत्करावी लागली. त्या वर्षींचें अजिंक्यपद पुढें कॅन्ससनेंच मिळविलें.

इतकें झाल्यावर त्याच्या नांवाचा देशभर गाजावाजा झाला, हें सांगावयास नकोच. परंतु गाजावाजा ही पारख नव्हे, हें धंदेवाईक संघांचे परीक्षक चांगलें जाणतात. त्यांनीं त्याच्यावर तीन आक्षेप घेतले, आणि तिन्ही विचार करण्याजोगे होते. पहिला आक्षेप शरीराविषयीं. २००९ च्या मोजमापांत त्याची उंची अनवाणी सहा फूट दोन इंच, वजन १८१ पौंड आणि पसरलेल्या हातांची लांबी सहा फूट साडेतीन इंच भरली. या धंद्यांतील खेळाडूंच्या हातांची लांबी बहुधा उंचीहून कित्येक इंच अधिक असते. त्या मानानें ही सामान्यच होती. दुसरा आक्षेप स्थानाविषयीं. शूटिंग गार्डच्या मानानें तो ठेंगणा, आणि पॉइंट गार्डचें काम त्यानें पहिलीं दोन वर्षें केलेलेंच नव्हतें. तेव्हां त्याला धड कोठें उभें करावयाचें? तिसरा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांविषयीं. डेव्हिडसनचे बहुतेक सामने दुय्यम दर्जाच्या कॉलेजांशीं होत. चटईच्या खेळपट्टीवर ढीगभर धावा काढणारा फलंदाज हिरवळीवरील खेळपट्टीवर त्याच धावा काढील असा भरंवसा कोण देईल? तसाच हा प्रश्न होता.

या आक्षेपांना उत्तर कसें शोधावें? गुणांची वही उघडून तिसऱ्या वर्षीं त्यानें सरासरी २८·६ गुण केले, आणि ते देशांत सर्वांत अधिक होते, एवढें सांगून भागत नाहीं. जो गडी सर्वांत अधिक फेंका करील त्याचे गुण पुष्कळ होणारच. परीक्षकानें विचारावयाचें तें असें कीं, या गुणांपैकीं किती त्या लहान मैदानाचे होते आणि किती त्या मुलाचे होते. कारण मैदान मागें राहणार आहे, आणि मुलगा तेवढा पुढें जाणार आहे.

आरंभ फेंकीपासूनच करावा. जाळ्यापासून ठराविक अंतरावर एक कमान आंखलेली असते, आणि तिच्यापलीकडून चेंडू जाळ्यांत गेल्यास दोनाऐवजीं तीन गुण मिळतात. धंदेवाईक मैदानावर ही कमान समोरून २३ फूट ९ इंच अंतरावर असते. करी कॉलेजांत आला तेव्हां तेथील कमान १९ फूट ९ इंचांवर होती, आणि त्याच्या तिसऱ्या वर्षीं, म्हणजे २००८ च्या हंगामापासून, ती एक फूट मागें नेण्यांत आली. त्या कमानीपलीकडून केलेल्या त्याच्या फेंकांपैकीं पहिल्या वर्षीं शेकडा ४०·८, दुसऱ्या वर्षीं ४३·९ आणि तिसऱ्या वर्षीं ३८·७ सफल झाल्या. दुसऱ्या वर्षींच्या सफल फेंकांची संख्या १६२ होती, आणि तोंवर कोणाहि कॉलेज-खेळाडूला एका हंगामांत तेवढी मजल गांठतां आली नव्हती. आतां तिसऱ्या वर्षींची ही घसरण पाहून वरवर वाचणारा म्हणेल कीं, कमान एक फूट हलली आणि नेम ढळला. मग चार फूट हलल्यावर काय होणार?

परंतु तेवढ्यावर थांबणें योग्य नव्हे. त्याच वर्षीं रिचर्ड्स पदवी घेऊन निघून गेला होता. पूर्वीं दुसऱ्यानें आणून दिलेला चेंडू करीनें फेंकावयाचा. आतां चेंडू पुढें नेणें, वाट काढणें आणि फेंकणें, हें सारें त्याच्यावर येऊन पडलें, आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी त्याच्याचसाठीं सापळा रचून बसूं लागला. नेम ढळला कीं ओझें वाढलें, हें ओळखावयाचें एक साधन होतें. नियमभंगाबद्दल मिळणारी जी मोकळी फेंक, तिला फ्री थ्रो म्हणतात. ती करतांना अंगावर कोणी येत नाहीं, अंतर बदलत नाहीं, आणि मनगटाचा खरा धर्म तेथें दिसतो. या फेंकींत करी तिन्ही वर्षें शेकडा ८५ च्या वर राहिला. मनगट जागच्याजागीं होतें; बदललें होतें तें भोवतालचें ओझें. शिवाय परीक्षकानें सामना पाहतांना चेंडूकडे न पाहतां पायांकडे पाहिलें असतें, तर फेंकतेवेळीं ते पाय वारंवार कॉलेजच्या कमानीच्या पुष्कळ मागें असत, हें त्याला दिसलें असतें. आणि ही फेंक उभ्या पायीं, निवांत केलेली नसे. चेंडू आपटीत धांवतां धांवतां तो थांबे, आणि समोरच्या गड्याचा हात वर येण्याआधींच चेंडू हातांतून सुटलेला असे. उंचीचें काम येथें चपळाई करीत होती. कमान चार फूट मागें नेली तरी ही गोष्ट त्याच्याबरोबर येणारी होती.

दुसरा प्रश्न स्थानाचा. तिसऱ्या वर्षीं त्यानें दर सामन्यास सरासरी ५·६ वेळां सोबत्याच्या गुणास कारण होईल असा पास दिला. आदल्या वर्षीं हें प्रमाण याच्या निम्मेंच होतें. मात्र त्याबरोबर ३·७ वेळां चेंडूहि गमावला. हे आंकडे निष्णात पॉइंट गार्डचे नव्हेत, ही परीक्षकांची टीका खरीच होती. पण शिकाऊ माणसाचा आंकडा आणि मुरलेल्या माणसाचा आंकडा एकाच तराजूंत घालणें न्यायाचें नाहीं. एका वर्षांत एवढा पल्ला गांठणारा तरुण पुढल्या तीन वर्षांत किती गांठील, हें पाहावयास हवें होतें. होतकरूच्या बाबतींत तो आज कोठें आहे याइतकेंच, तो किती वेगानें येथवर आला, यालाहि महत्त्व असतें.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण; आणि त्याचें उत्तर गुणांच्या वहींत शून्य या आंकड्याखालीं लिहिलेलें होतें. २५ नोव्हेंबर २००८ रोजीं मेरीलँड राज्यांतील लोयोला कॉलेजशीं डेव्हिडसनचा सामना झाला. लोयोलाच्या शिक्षकानें एक विलक्षण बेत केला. त्यानें आपल्या पांचांपैकीं दोन गडी सबंध सामनाभर करीच्या अंगाला चिकटवून ठेविले. चेंडू कोठेंहि असो, ते त्याला सोडीत नसत. देशांत सर्वांत अधिक गुण करणाऱ्या तरुणाला हा अपमानहि वाटला असता, आव्हानहि वाटलें असतें. करीनें काय केलें? तो त्या दोघांना बरोबर घेऊन मैदानाच्या एका कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला. उरलेल्या जागेंत डेव्हिडसनच्या चौघांपुढें लोयोलाचे तिघेच राहिले. सबंध सामन्यांत करीनें तीन फेंका केल्या, एकहि गुण मिळविला नाहीं, आणि डेव्हिडसननें तो सामना ७८ विरुद्ध ४८ असा जिंकला.

त्याच्या सर्व कॉलेज-कारकीर्दींत एकहि गुण न मिळालेला सामना तो एवढाच. सरासरी काढणाऱ्याच्या दृष्टीनें तो दिवस वाया गेला. परंतु पारख करणाऱ्याला त्या एका संध्याकाळीं जें दिसलें, तें इतर कोणत्याहि सामन्यांत इतक्या स्पष्टपणें दिसलें नसतें. या मुलाच्या नेमाची धास्ती एवढी कीं, तो नुसता उभा राहिला तरी प्रतिपक्षाचे दोन गडी निकामी होतात, ही एक गोष्ट. आणि तें ओळखून, स्वतःच्या नांवापुढें शून्य मांडून घेण्याची त्याची तयारी आहे, ही दुसरी. कॅन्ससविरुद्धच्या शेवटच्या क्षणीं सोबत्याला दिलेला चेंडू आणि लोयोलाविरुद्धचा हा कोपरा, ही दोन्ही एकाच वृत्तीचीं चिन्हें होतीं. बलाढ्य मैदानावर सर्वांत मोठें कसब प्रथम हिरावून घेतलें जातें. तेव्हां तें हिरावलें गेल्यावर हातांत काय उरतें, हें पाहणें हीच गार्डची खरी कसोटी होय. आणि त्या कसोटीस करी कॉलेजांतच उतरला होता.

याचा अर्थ त्याच्यांत उणें कांहीं नव्हतें, असा नव्हे. बचावांत दांडगा गडी अंगावर आला कीं तो मागें रेटला जाई. तें वजन नुसत्या चातुर्यानें भरून निघणारें नव्हतें. प्रतिपक्षाच्या हातून चेंडू हिसकावण्यांत मात्र तो चलाख होता. तिसऱ्या वर्षीं दर सामन्यास त्याचें प्रमाण अडीचाचें होतें. शरीर किती भरेल आणि तें सबंध वर्षाचा ताण किती सोशील, याविषयीं मात्र कोणीहि छातीठोक सांगूं शकत नव्हता. कॉलेजांत वर्षाला तीस-पस्तीस सामने, तेहि चाळीस मिनिटांचे. धंद्यांत ब्याऐंशी, आणि प्रत्येक अठ्ठेचाळीस मिनिटांचा.

निवडीच्या दिवशीं काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. पहिलें नांव निघालें ब्लेक ग्रिफिन या धिप्पाड खेळाडूचें, आणि त्याबद्दल कोणाचा मतभेद नव्हता. मेम्फिसच्या संघानें दुसरा क्रमांक सात फूट तीन इंच उंचीच्या हशीम थबीटसाठीं खर्च केला. तिसरा जेम्स हार्डन, चौथा टायरीक एव्हान्स. दोघेहि करीहून भरदार अंगाचे गार्ड. पांचवा आणि सहावा हे दोन्ही क्रमांक मिनेसोटाकडे होते. त्या संघाला गार्डच हवे होते, आणि त्यानें स्पेनचा रिकी रुबियो व सिराक्यूजचा जॉनी फ्लिन हे दोन गार्ड घेतले. मग सातव्या क्रमांकावर कॅलिफोर्नियांतील गोल्डन स्टेट संघानें करीचें नांव पुकारलें. हातच्या कांकणाला आरसा नको, या न्यायानें आज कोणीहि त्या सहांपैकीं पांचांना हंसूं शकेल. पण तें हंसणें अन्यायाचें होईल. हार्डनला २०१८ सालीं हंगामांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाची पारख खोटी नव्हती. एव्हान्सनें २०१० सालीं नवागतांतील श्रेष्ठत्वाचें पारितोषिक मिळविलें, आणि करी त्यांत दुसरा आला. त्या वर्षापुरतें बोलावयाचें तर परीक्षक बरोबर ठरले होते. थबीट मात्र पांच हंगाम कसेबसे खेळून या मैदानावरून दूर झाला, आणि फ्लिनची कारकीर्द कमरेच्या सांध्यावरील शस्त्रक्रियेनंतर लौकरच संपली. मोजलेली उंची खरी होती. पण उंची हा खेळ नव्हता.

करीची कसोटीहि तेथें संपली नाहीं. त्याचा उजवा घोटा वारंवार मुरगळूं लागला. २०११ व २०१२ या लागोपाठच्या वर्षीं त्यावर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि ६६ सामन्यांच्या हंगामांत तो केवळ २६ सामने खेळूं शकला. २०१२ च्या मार्चमध्यें संघापुढें दुसऱ्यांदा निवडीचा प्रसंग आला. मॉन्टा एलिस हा दुसरा चपळ व ठेंगणा गार्ड प्रेक्षकांचा लाडका आणि प्रकृतीनें धडधाकट होता. संघानें त्याला दुसरीकडे पाठविलें व दुखऱ्या घोट्याचा करी ठेवून घेतला. त्या वर्षाच्या शरदऋतूंत त्याच्याशीं चार वर्षांचा, चार कोटी चाळीस लाख डॉलर्सचा करार झाला. तो आंकडा मोठा दिसतो; पण त्या धंद्याच्या मानानें तो पायाला भिऊन केलेला करार होता. त्याच हंगामांत त्यानें तीन गुणांच्या २७२ फेंका साधून पूर्वीचा उच्चांक मोडला, आणि २०१५-१६ च्या हंगामांत तो उच्चांक ४०२ वर नेला. २०१५ व २०१६ या दोन्ही वर्षीं तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. दुसऱ्या खेपेस तर एकूण एक मतें त्याला पडलीं. २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ असें चार वेळां त्याच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. मार्च २०२५ मध्यें तीन गुणांची चार हजारावी फेंक त्याच्या नांवावर नोंदली गेली.

येथें परीक्षकांच्या बाजूनें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००९ सालीं धंदेवाईक संघ एका सामन्यांत तीन गुणांच्या सुमारें अठरा फेंका करीत. २०२५ पर्यंत ही संख्या पस्तिसाच्या पलीकडे गेली. म्हणजे ज्या कसबाचें त्या वेळीं दुकानांत फारसें मोल नव्हतें, त्याचें मोल पुढें दुप्पट झालें. आणि तें वाढविणाऱ्यांत खुद्द करीच अग्रभागीं होता. परीक्षकांनीं त्याला जुन्या खेळाच्या चौकटींत बसवून पाहिलें, आणि तो बसेना म्हणून त्याला उणा ठरविलें. चौकटच बदलण्याची त्याची ताकद आहे, हें ओळखणें मात्र सामान्य दूरदृष्टीचें काम नव्हे.

मग यापुढें दूरवरून नेम मारणारा प्रत्येक किरकोळ मुलगा डोळे मिटून घ्यावा काय? दोनच वर्षांनीं या प्रश्नाचें उत्तर मिळालें. जिमर फ्रेडेट हा यूटा राज्यांतील ब्रिगॅम यंग विद्यापीठाचा गार्ड. २०११ सालीं त्यानें सरासरी २८·९ गुण करून देशांत पहिला क्रमांक मिळविला. त्याची उंची करीएवढीच, आणि तीन गुणांच्या फेंकीचें प्रमाणहि शेकडा चाळिसाला टेकलेलें. तो दहाव्या क्रमांकावर निवडला जाऊन सॅक्रॅमेंटोच्या संघांत गेला. परंतु तेथें त्याचा जम बसला नाहीं, आणि पुढें चीनमधील शांघायच्या संघांत त्याला मानाचें स्थान मिळालें. वह्या शेजारीं ठेवल्या तर या दोघांत फरक दाखवितां येणें कठीण. फरक होता तो वहीबाहेर. कॉलेजांतल्या अखेरच्या हंगामांत फ्रेडेटचा सारा खेळ चेंडू हातीं असण्यावर उभा होता. करी पहिलीं दोन वर्षें रिचर्ड्सच्या जोडीला, चेंडू हातीं नसतांना सोबत्यांच्या आडोशानें धांवून जागा मिळविण्यास शिकला होता. चेंडू हिसकावण्याचें फ्रेडेटचें प्रमाणहि करीच्या जवळजवळ निम्मेंच होतें. आणि नशिबाचाहि भाग विसरतां कामा नये. सॅक्रॅमेंटोत तीन वर्षांच्या आंत फ्रेडेटच्या डोक्यावर तीन मुख्य शिक्षक येऊन गेले. रोप चांगलें असलें तरी दर वर्षीं उपटून दुसरीकडे लावल्यास तें मूळ धरीत नाहीं.

तात्पर्य, कॉलेजांतील गार्डची पारख करणाऱ्यानें आंकडे टाकून द्यावे असें नाहीं. ते नीट वाचावे. फेंकीचें प्रमाण वाचतांना अंतर, ओझें आणि मोकळी फेंक हीं सोबत वाचावीं. स्थानाचा विचार करतांना वाढीची गति पाहावी. शरीराचें उणें लपवूं नये, आणि त्यालाच शेवटचा शब्दहि मानूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्या सामन्यांत तो खेळाडू चमकला ते सामने इतरांसाठीं सोडून, ज्यांत त्याची वाट बंद करण्यांत आली ते सामने पुन्हां पुन्हां पाहावे. एवढें करूनहि घोटा मुरगळणार नाहीं, किंवा चांगला गुरु लाभेल, याची हमी कोणी देऊं शकत नाहीं. पारख करणाऱ्यानें आपलें मत ठामपणें द्यावें, आणि तें चुकूं शकतें हें मनांत ठेवावें.

पाळण्यांत पाय दिसत असतील. पण ते कोठें टेकले आहेत, आणि वाट अडली असतां कोणीकडे वळतात, हें पाहणारा डोळाहि हवा. २००८ च्या त्या नोव्हेंबरांत लोयोलाविरुद्ध एक तरुण दोन प्रतिस्पर्ध्यांना घेऊन कोपऱ्यांत उभा राहिला होता. त्याचे पाय त्या वेळीं जाळ्यापासून दूर होते, आणि वहींत त्याच्या नांवापुढें शून्य होतें. त्याची खरी किंमत त्या शून्यांतच वाचावयाची होती.